चित्र नेमके कुठे बिघडते? : जालावर लिहिणाऱ्यांना तांत्रिक मदत करताना

मराठीत स्वतःच्या ब्लॉगवर किंवा संकेतस्थळावर लिहिणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, गडकोटांवर भटकणारे आहेत, पाककृती लिहिणाऱ्या गृहिणी आहेत आणि गावाच्या इतिहासाची साधने जमवणारे अभ्यासकही आहेत. यांची लेखणी सहसा भाषेपाशी अडत नाही. ती अडते छायाचित्र चढवताना, जुन्या कागदाचे स्कॅन जोडताना किंवा वेलांटी भलत्याच जागी उमटलेली पाहून. अशा वेळी त्यांच्यापैकीच थोडी अधिक माहिती असलेली एखादी व्यक्ती मदतीला येते, पण ती मदत कशी करावी याचा विचार क्वचितच होतो. ‘फोटो धूसर दिसतो’ ही तक्रार म्हणजे केवळ लक्षण असून त्यामागची कारणे चार-पाच असू शकतात. म्हणून उपाय सुचवण्यापूर्वी ते चित्र कॅमेऱ्यापासून वाचकाच्या पडद्यापर्यंत कोणत्या टप्प्यांतून गेले आणि त्यांपैकी कोणत्या टप्प्यावर बिघडले, हे शोधणे हेच मदत करणाऱ्याचे पहिले आणि बहुतेक वेळा सर्वांत महत्त्वाचे काम असते.

या शोधाची सुरुवात मूळ फाईल मागण्यापासून करावी, कारण विचारणारा ज्याला ‘मूळ फोटो’ म्हणतो तो पुष्कळदा मूळ नसतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र वाटेतच लहान केले जाते आणि त्याच्या आत साठवलेल्या तारीख, वेळ, कॅमेरा यांसारख्या नोंदीही गळून पडतात. तीच फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मात्र जशीच्या तशी पोहोचते. एखाद्या ट्रेकमधल्या सोबत्याने काढलेला तटबंदीचा फोटो दोन-तीन गटांतून फिरून लेखकाकडे आला असेल, तर बिघाड संकेतस्थळावर नव्हे, त्या प्रवासातच झालेला असतो, आणि ज्याच्या फोनमध्ये तो पहिल्यांदा टिपला गेला त्याच्याकडून फाईल पुन्हा मागवणे हा एकच खरा उपाय उरतो. गमावलेला तपशील कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने चित्र स्पष्ट करून देतात असे दिसते, परंतु ती रिकामी जागा अंदाजाने भरतात, आणि शिलालेख, ताम्रपट किंवा मोडी कागद यांच्या बाबतीत असा अंदाज म्हणजे पुराव्यात केलेली भेसळच होय. तेथे ही साधने वापरूच नयेत.

आकार आणि वजन

पडद्यावरचे चित्र पिक्सेलचे, म्हणजे प्रत्येकी एकच रंग असलेल्या बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. १२ मेगापिक्सेलच्या फोनने काढलेले छायाचित्र सामान्यतः रुंदीला ४००० आणि उंचीला ३००० पिक्सेल, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख ठिपक्यांचे असते. लेखाचा स्तंभ मात्र बहुतेक संकेतस्थळांवर सातशे-आठशे पिक्सेलपेक्षा फारसा रुंद नसतो, त्यामुळे एवढे मोठे चित्र चढवले तरी वाचकाला ते आक्रसूनच दिसते. त्याचा डेटा आणि वेळ तेवढा खर्च होतो. नव्या फोनचे पडदे दाट पिक्सेलचे असतात हे लक्षात घेऊन स्तंभाच्या दुप्पट, म्हणजे १६०० पिक्सेल रुंदी ठेवली तर ती पुरेशी होते. १६०० गुणिले १२०० या मापात ठिपक्यांची संख्या मुळाच्या सहाव्या हिश्शाहूनही थोडी खाली येते, आणि फाईलही त्याच बेताने हलकी होते. तालुक्याच्या गावी मंद जोडणीवर वाचणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लेख वाचला जाण्या-न जाण्याइतका मोठा असतो, म्हणून दिसायला सारखेच असलेले चित्र लहान करण्याचा आग्रह मदत करणाऱ्याने न कंटाळता धरावा.

आकारानंतर येतो फाईलचा प्रकार. छायाचित्रांसाठी सर्वत्र रुळलेला जेपीईजी हा प्रकार १९९२ साली प्रमाणित झाला. तो चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे लहान चौकोन पाडतो आणि माणसाच्या डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक, विशेषतः रंगांतले, टाकून देऊन फाईल हलकी करतो. फाईलचे वजन कमी करण्याच्या प्रक्रियेला संकोचन म्हणतात. जेपीईजीच्या संकोचनात गेलेले परत मिळत नसल्यामुळे तीच जेपीईजी फाईल उघडून, किंचित बदलून, पुन्हा साठवण्याचा क्रम चालू राहिला तर प्रत्येक खेपेला चित्र थोडे अधिक उतरते. यावर उपाय सोपा आहे: मूळ फाईलला हात लावू नये, तिची प्रत करून सर्व बदल त्या प्रतीवर एकाच बैठकीत करावेत आणि शेवटी एकदाच, दर्जा ८०च्या आसपास ठेवून, साठवावे. आकाशासारख्या सपाट भागात चौकोनी ठिगळे किंवा अक्षरांच्या कडेला धुरकट रवा दिसू लागला, तर दर्जा फार खाली गेला आहे किंवा संकोचन वारंवार झाले आहे, असे निदान करण्यास हरकत नाही.

ज्या चित्रात अक्षरे, रेघा किंवा सपाट रंग असतात, उदाहरणार्थ स्क्रीनशॉट, तक्ता किंवा वंशावळ, त्याला जेपीईजी मानवत नाही. तेथे पीएनजी वापरावा, कारण तो काहीही न गाळता संकोचन करतो. २०१० साली गुगलने आणलेला वेबपी हा प्रकार दोन्ही कामे करतो आणि आजचे सर्व प्रमुख ब्राउझर तो दाखवतात. आयफोनवरून येणारी छायाचित्रे मात्र २०१७पासून बहुधा एचईआयसी या प्रकारात असतात, आणि ‘फाईल चढतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते; ती जेपीईजीत बदलून घेतली की काम होते. हे बदल करण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर घेण्याची गरज नसून गिंप किंवा ब्राउझरमध्येच चालणारे स्क्वूश ही मोफत साधने पुरतात.

‘७२ डीपीआय करा’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, पण पडद्यापुरता तो निरर्थक आहे. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे याची सूचना. पडदा ती पाहतच नाही, तो फक्त पिक्सेल मोजतो. हा आकडा खरोखर कामाला येतो तो छपाईच्या वेळी. दिवाळी अंकाच्या संपादकांनी पाच इंच रुंदीचे छायाचित्र ३०० डीपीआयने मागितले, तर त्यांना १५०० पिक्सेल रुंदीची फाईल हवी असते, आणि ७०० पिक्सेलच्या फाईलवर ३००चा आकडा लिहून दिल्याने ती छपाईयोग्य होत नाही. म्हणूनही मूळ फाईल जपून ठेवणे आवश्यक ठरते.

जुन्या वर्तमानपत्रांची आणि मासिकांची पाने स्कॅन करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते. छापील छायाचित्र स्वतःच शाईच्या ठिपक्यांचे असते, आणि त्या ठिपक्यांची जाळी व स्कॅनच्या पिक्सेलची जाळी एकमेकींवर आली की चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटते. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये असलेला ‘डीस्क्रीन’ हा पर्याय निवडल्यास ती बरीचशी जाते. स्कॅनर नसल्यास फोन कागदाला समांतर धरून, फ्लॅश बंद ठेवून, खिडकीतून येणाऱ्या बाजूच्या उजेडात फोटो घ्यावा. झिजलेल्या शिलालेखासाठी हाच बाजूचा उजेड अधिक तिरपा घेतल्यास अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि वाचन सुकर होते.

फाईलच्या पोटातील नोंदी

फोन आडवा-उभा कसाही धरला तरी त्याचा संवेदक चित्र एकाच दिशेने टिपतो आणि ते किती फिरवून दाखवायचे याची नोंद फाईलमध्ये करून ठेवतो. एक्झिफ नावाच्या या नोंदींत दिशेसाठी १ ते ८ असे अंक ठरलेले आहेत. १ म्हणजे चित्र आहे तसे दाखवावे, ६ म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंशांनी फिरवून दाखवावे. जे सॉफ्टवेअर ही नोंद वाचते तेथे चित्र सरळ दिसते, जे वाचत नाही तेथे आडवे पडते, आणि ‘माझ्या फोनवर सरळ आहे, संकेतस्थळावर मात्र आडवे’ या कोड्याचे उत्तर एवढेच असते. चित्र संपादकात उघडून, खरोखर फिरवून, नव्याने साठवले की ठिपकेच योग्य क्रमाने लागतात आणि नोंदीवर विसंबण्याची गरज उरत नाही.

याच नोंदींत छायाचित्र काढल्याच्या स्थळाचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. घरातल्या गणपतीचा किंवा नातवंडांचा फोटो मूळ रूपात चढवला, तर घराचा ठावठिकाणा कोणालाही वाचता येईल अशा रीतीने उघड होण्याचा धोका असतो, आणि जंगलातील दुर्मीळ वनस्पती किंवा घरट्याच्या बाबतीत तोच धोका त्या जिवाला असतो. ही माहिती लेखकाने विचारलेली नसली तरी मदत करणाऱ्याने ती आपणहून द्यावी. फोनच्या कॅमेऱ्यातील स्थाननोंद बंद करणे किंवा प्रत साठवताना नोंदी वगळणे, दोन्ही सहज जमण्यासारखे आहे.

अक्षरांचे प्रश्न

मराठी लेखकांचा खास प्रश्न असा की पुष्कळ जण मजकूरच चित्राच्या रूपात चढवतात. त्यामागचे कारण बहुधा जुने टंक असतात. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी व्यवस्था, रुळण्यापूर्वी मराठी टंकांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे असा मजकूर दुसऱ्या संगणकावर चिकटवला की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. हतबल झालेला लेखक मग पानाचा फोटोच लावतो. पण चित्रातला मजकूर शोधात सापडत नाही, फोनच्या पडद्यावर मोठा करून ओळी लावून वाचता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाला तर तो अस्तित्वातच नसतो. जुन्या टंकातील फाईल हाती असेल तर परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये आणावी, आणि केवळ छापील पान असेल तर मराठी ओळखणाऱ्या टेसरॅक्टसारख्या साधनाने अक्षरे उतरवून घ्यावीत. मात्र जोडाक्षरे आणि अनुस्वार यांत त्याच्या चुका होतात, म्हणून मुद्रितशोधन ओळीओळीने करणे अनिवार्य आहे.

चित्रावर शीर्षक लिहिताना वेलांटी तुटते, हीदेखील नेहमीची तक्रार. ‘कि’ हे अक्षर युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी अशा क्रमाने साठवलेले असते, आणि वेलांटी डावीकडे नेऊन मांडण्याचे काम सॉफ्टवेअरने करायचे असते. ज्याला भारतीय लिप्यांची मांडणी येत नाही ते वेलांटी उजवीकडेच ठेवते आणि जोडाक्षरेही पाय मोडून सुटी दाखवते. फोटोशॉपच्या ज्या आवृत्त्यांत टंकांच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय असतो, तेथे तो निवडल्यावर हा दोष दूर होतो. त्यासाठी टंक बदलत बसण्याची आवश्यकता नसते.

शोधाशी संबंधित एक बारकावा तर अनुभवी लेखकांच्याही नजरेतून सुटतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. त्यापूर्वी ते अ या अक्षराला अर्धचंद्र जोडून लिहिले जाई आणि कित्येक कळफलक आजही तसेच लिहितात. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या अक्षरमाला असतात, त्यामुळे एका रूपात लिहिलेला शब्द दुसऱ्या रूपात शोधल्यास स्वतःच्याच संकेतस्थळावर सापडत नाही असे घडू शकते. ‘दऱ्या’सारख्या शब्दांतील अर्ध्या र-चीही तीच कथा आहे. कोणते तरी एक रूप ठरवून सर्व जुन्या लेखांत ‘शोधा आणि बदला’ या सोयीने तेच करून टाकणे, हे एका संध्याकाळचे काम असून त्याचा लाभ कायमचा आहे.

चित्र कोणाचे?

तांत्रिक मदत मागणारा बहुधा हा प्रश्न विचारत नाही, पण तो टाळून केलेली मदत अपुरी राहते. गुगलच्या चित्रशोधात सापडले म्हणजे ते मुक्त झाले, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. शोधयंत्र केवळ जागा दाखवते, परवानगी देत नाही. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीवरील हक्क कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. याचा अर्थ प्रत्यक्ष उदाहरणांवरून अधिक स्पष्ट होतो. चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली निवर्तले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरील हक्क २००४च्या अखेरीस संपला आणि ती आज मुक्तपणे वापरता येतात. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यामुळे त्यांची मुखपृष्ठे कितीही ओळखीची आणि घरोघरी जपलेली असली तरी ती २०३१च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. छायाचित्रांसाठी पूर्वी प्रसिद्धीपासून ६० वर्षे असा वेगळा नियम होता. २०१२च्या दुरुस्तीने तो काढून टाकला आणि छायाचित्रकारालाही चित्रकाराप्रमाणेच हयात अधिक ६० वर्षे हा काळ मिळाला. जुनी मार्गदर्शक टिपणे अजून आधीचाच नियम सांगतात, म्हणून येथे सावध राहावे.

कायद्याने काही सोयीही दिल्या आहेत, आणि त्या माहीत नसल्यामुळे लेखक विनाकारण बिचकतात. वास्तूचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करणे, तसेच सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करणे, हा हक्कभंग मानला जात नाही. चौकातल्या पुतळ्याचा स्वतः काढलेला फोटो त्यामुळे निर्धास्तपणे वापरता येतो, पण त्याच पुतळ्याचा दुसऱ्याने काढलेला फोटो मात्र त्या दुसऱ्याचाच असतो. मोबदला देऊन छायाचित्रकाराकडून काढून घेतलेल्या घरगुती समारंभाच्या छायाचित्रांचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, ती काढून घेणाऱ्याकडे असतो.

स्वतःचे छायाचित्र नसेल तेव्हा २००४ साली सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्सकडे वळावे. तेथील बरीच चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात. हा परवाना म्हणजे काही अटींवर वापराची आगाऊ दिलेली अनुमती. ‘बाय’ ही खूण असेल तर श्रेय देणे बंधनकारक असते, ‘एसए’ असेल तर चित्रात बदल करून तयार केलेली कृती त्याच परवान्याखाली ठेवावी लागते, ‘एनसी’ असेल तर व्यापारी उपयोग वर्ज्य आणि ‘एनडी’ असेल तर बदललेले रूप प्रसिद्ध करणे वर्ज्य. ‘साभार : इंटरनेट’ असे लिहिल्याने यांपैकी कोणतीही अट पुरी होत नाही. चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव, मूळ पानाचा दुवा आणि परवान्याचे नाव त्याच्या आवृत्तीसह द्यावे. हे एका ओळीत मावते, आणि ज्याने उन्हातान्हात जाऊन ते टिपले त्याच्या श्रमांची तेवढी दखल घेणे हे कर्तव्यच आहे.

चित्र चढवताना ‘आल्ट टेक्स्ट’ म्हणून जो रकाना दिसतो, तो रिकामा सोडण्याची सवय दुर्दैवाने फार पसरली आहे. त्यात लिहिलेला पर्यायी मजकूर एनव्हीडीए किंवा टॉकबॅक यांसारखी पडदावाचक साधने दृष्टिहीन वाचकाला मोठ्याने वाचून दाखवतात, आणि चित्र उतरले नाही तर इतरांनाही तोच दिसतो. ‘फोटो १’ किंवा ‘किल्ला’ असे लिहिणे निरुपयोगी आहे. ‘राजगडाच्या बालेकिल्ल्याचा दरवाजा, समोर कातळात खोदलेल्या पायऱ्या’ असे एक वाक्य पुरते. लेखाला जो तपशील हवा आहे तोच त्यात यावा.

मदतीची रीत

फाईलला देवनागरी नाव देण्यास आजची यंत्रणा आडकाठी करत नाही, परंतु पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ रोमन वर्णांत उलगडते आणि ‘पुणे’ या चार चिन्हांच्या शब्दाचे छत्तीस वर्ण होतात. दुवा पाठवताना अशी लांबलचक रांग मध्येच तुटते, म्हणून चित्रांना रोमन लिपीतील छोटी नावे, शब्दांमध्ये जागा न सोडता, द्यावीत. चित्र बदलूनही जुनेच दिसत असेल, तर ब्राउझरने साठवून ठेवलेली प्रत कारणीभूत असते आणि खासगी खिडकीत पान उघडून तशी खातरी करता येते. दुवा फेसबुकवर दिल्यावर लहान चित्र चुकीचे येत असेल, तर लेखासाठी १२०० गुणिले ६३० पिक्सेलचे मुख्य चित्र नेमून द्यावे.

दूरवरून मदत करताना विचारणाऱ्याकडून पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट, उपकरणाचे नाव आणि बिघाडाच्या आधी शेवटचे काय केले होते याची माहिती घ्यावी, आणि उत्तर देताना त्याच्या पडद्यावर बटणाचे जे नाव दिसते तेच वापरावे, कारण मराठी मांडणी निवडलेल्याला इंग्रजी बटणांची नावे सांगून काहीच हाती लागत नाही. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा. चार बदल एकदम केले तर दुरुस्ती झाली तरी ती कशाने झाली हे कळत नाही आणि पुढच्या वेळी लेखक पुन्हा परावलंबीच राहतो. पासवर्ड मात्र कधीही मागू नये आणि दिला तरी घेऊ नये. संकेतस्थळाच्या आतून काम करणे भागच असेल, तर मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडून घ्यावे आणि काम संपताच ते बंद करायला लावावे.

चित्रे कुठे साठवली आहेत, हेही याच ओघात विचारून घ्यावे. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील चित्राचा पत्ता थेट आपल्या लेखात जोडला, तर ते तेथून हलताच लेखात रिकामी चौकट राहते, शिवाय भार त्या दुसऱ्याच्या यंत्रणेवर पडतो. २०१७ साली फोटोबकेट या सेवेने इतरत्र चित्रे दाखवण्याच्या सोयीसाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले, तेव्हा जगभरच्या असंख्य जुन्या लेखांतील चित्रे एकाएकी नाहीशी झाली. वर्डप्रेस किंवा ब्लॉगरवरून ‘एक्सपोर्ट’ करून मिळणाऱ्या फाईलमध्ये मजकूर असतो, पण चित्रांचे केवळ पत्ते असतात, प्रत्यक्ष चित्रे नसतात. म्हणून नव्या जागी जाताना जुने संकेतस्थळ चालू असतानाच चित्रे उतरवून घ्यावीत आणि ती नव्या ठिकाणी दिसत असल्याची खातरी पटल्यावरच जुने बंद करावे. तोवर उशीर झाला असल्यास इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर लेखाचा जुना पत्ता टाकून पाहावा. तेथे जपलेल्या पानासोबत चित्रही मिळण्याची शक्यता असते, आणि जे लेख अद्याप शाबूत आहेत त्यांचे पत्ते तेथे आजच नोंदवून ठेवता येतात.